कर्णबधिर बालकाची पहिली शाळा

मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले की घरोघर शाळेची चर्चा सुरू होते. शाळा जवळ असावी, शिक्षक प्रेमळ असावेत, वर्गात फार गर्दी नसावी, एवढ्या अपेक्षा पुऱ्या झाल्या की बहुतेक पालकांचे समाधान होते. निवड थोडी चुकली तरी फारसे बिघडत नाही. कारण घरी, अंगणात आणि रस्त्यावर मूल आपल्या कानांनी दिवसभर जे शिकत असते, त्याने ती चूक बरीचशी भरून निघते. ज्या बालकाला ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत ही भरपाई आपोआप होत नाही. इतर मुले भाषा घेऊन शाळेत जातात. हे मूल पुष्कळदा भाषा मिळविण्यासाठीच शाळेत जाते. म्हणून त्याच्या शाळेची निवड हा प्रश्न वेगळा आणि अधिक जबाबदारीचा ठरतो.

‘मूकबधिर’ हा शब्द आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता आणि काही जुन्या संस्थांच्या नावांत तो अजूनही आढळतो. त्या शब्दाने मात्र एक गैरसमज पसरविला. अशा बहुतेक बालकांच्या वाचेंद्रियांत कोणताही दोष नसतो. शब्द कानी पडत नाही, म्हणून तो ओठांवर येत नाही. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेल तीव्रतेचे असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबेल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असल्यास ती व्यक्ती कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबेल असल्यास ऐकण्यास कमी असलेली समजली जाते. शेजारी बसून आई बोलत असतानाही तिचे शब्द ज्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, असे ते मूल असते.

या प्रश्नात काळाला फार मोल आहे. ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात’, या समजुतीपायी पुष्कळ घरांत दोन-तीन वर्षे हातची जातात. आणि भाषा सहजपणे आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती याच वर्षांत सर्वांत अधिक असते. आता नवजात अर्भकाचीही श्रवणचाचणी ते झोपेत असताना काही मिनिटांत करता येते. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजनेस आरंभ, असा क्रम तज्ज्ञांनी मानला आहे. तेव्हा अशा बालकाची पहिली शाळा म्हणजे फळा आणि बाके असलेली खोली नव्हे. जेथे आईवडिलांनाही बालकासह बसवून भाषा कशी द्यावी हे शिकविले जाते, असे शीघ्र उपचार केंद्र हीच त्याची पहिली शाळा होय. या क्षेत्रासाठी मुंबईस १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आहे.

त्यानंतर प्रश्न येतो तो पद्धतीचा. ही चर्चा फार जुनी आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी खुणांच्या साहाय्याने, तर जर्मनीत सॅम्युएल हाइनिके यांनी मुखाने बोलणे शिकवून अशा मुलांना शिक्षण दिले. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने मौखिक पद्धतीच्या बाजूने कौल दिला आणि पुढे कित्येक दशके अनेक देशांतील शाळांतून खुणांना मज्जाव झाला. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेत त्या जुन्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. आपल्याकडे २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०२१ साली त्याच्या कोशाची दहा हजार शब्दांची आवृत्ती निघाली. सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे.

पालकांनी या वादात पक्ष घेण्यापेक्षा आपल्या बालकाकडे पाहावे, हे श्रेयस्कर. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लवकर लाभले आणि त्याचा उपयोग होऊ लागला, तर कित्येक मुले बोली भाषेत चांगली प्रगती करतात. परंतु यंत्र बसविले म्हणजे कार्य संपले असे नाही. ऐकलेल्या ध्वनीला अर्थ देण्याचे शिक्षण त्यापुढे काही वर्षे चालू ठेवावे लागते. ज्याला यंत्राचा लाभ होत नाही किंवा फार उशिरा होतो, त्याला सांकेतिक भाषा नाकारणे म्हणजे त्याला भाषेविनाच ठेवणे होय. खुणा शिकल्याने मूल बोलणार नाही, ही भीती पुष्कळ पालकांना वाटते. प्रत्यक्षात खरी हानी होते ती कोणतीच भाषा वेळेवर न मिळाल्याने.

कायद्याने पालकांना एक महत्त्वाचा अधिकार दिला आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास जवळच्या सर्वसाधारण शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क २०१६ च्या अधिनियमात आहे. म्हणजे ‘याला विशेष शाळेतच घाला’ असे सांगून जवळच्या शाळेने दार लावून घेणे योग्य नव्हे; आणि विशेष शाळा निवडणाऱ्या पालकांनी कमीपणा मानण्याचेही कारण नाही.

निवड करण्यापूर्वी शाळेच्या इमारतीपेक्षा वर्ग पाहावा, आणि तो चालू असताना पाहावा. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मुले अर्धवर्तुळात बसली आहेत का, शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो का, की तो खिडकीकडे पाठ करून उभा राहतो? मुलांच्या कानांतील यंत्रे खरोखर चालू आहेत का, आणि ती रोज सकाळी कोण तपासतो? खोलीत प्रतिध्वनी किती आहे? यंत्र शब्दाबरोबर गोंगाटही वाढविते, म्हणून ही बाब क्षुल्लक नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुले काय करीत आहेत? ती केवळ फळ्यावरील अक्षरे उतरवून घेत असतील, तर वह्या कितीही सुबक असल्या तरी समाधान मानू नये. ती प्रश्न विचारीत असतील, घडलेली हकीकत सांगत असतील, मग ती तोंडाने असो की हातांनी, तर तेथे शिक्षण चालले आहे असे समजावे. वरच्या वर्गातील मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेला एक परिच्छेद वाचला, तर शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक कळून येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पेच असतो. इंदूर, दिल्ली किंवा बंगळूर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या घरात आई मराठी बोलते, शेजारी दुसरी भाषा असते आणि शाळेत तिसरी. ऐकणारे मूल या तिन्ही भाषा खेळता खेळता उचलते. कर्णबधिर बालकावर मात्र याचा भार पडू शकतो. अशा वेळी घरातील माणसे जी भाषा मनापासून आणि विपुल बोलू शकतात, तिचा त्याग घाईने करू नये. शाळेची भाषा निराळी असेल, तर दोन्हींचा मेळ कसा घालावा हे वाचातज्ज्ञाशी बोलून आरंभीच ठरवावे. पुढील इयत्तांत दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद उपरोक्त अधिनियमात आहे. बदलीची नोकरी असल्यास नव्या गावी अशी शाळा आहे का, हे बदलीचा अर्ज करण्यापूर्वीच पाहणे हिताचे.

लहान वयात वसतिगृहाचा विचार शक्यतो टाळावा. चांगली शाळा दूर आहे म्हणून चार वर्षांचे मूल घरापासून तोडले, तर शिकलेले शब्द ज्यांच्याशी बोलावयाचे, ती माणसेच त्याला दुरावतात. सांकेतिक भाषेची शाळा निवडली असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी आणि भावंडांनीही ती भाषा शिकावयास हवी. नाहीतर मूल शाळेत बोलके आणि घरी एकाकी राहते.

शेवटी, आज केलेली निवड जन्मभराची नसते. दर सहा महिन्यांनी एक साधी वही काढून मुलाला किती नवे शब्द वा खुणा आल्या, किती वाक्ये ते स्वतःहून करू लागले, हे लिहून ठेवावे. वर्षभरात त्या वहीत भर पडली नाही, तर शाळा कितीही नामांकित असली तरी शिक्षकांशी स्पष्ट बोलावे, आणि प्रसंगी बदलही करावा. शाळेचा लौकिक जपण्याचे काम शाळेचे आहे; पालकांनी जपावयाची आहेत ती मुलाची वर्षे.