दोनशे रुपयांचं हेल्मेट पोलिसाला फसवेल, रस्त्याला नाही! दुचाकीस्वारांनो, घेताना हे पाहा

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी-पंढरपूर, अकलूज-टेंभुर्णी या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कित्येक ट्रॉल्यांना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला, बाजार करून परतणारा, रात्रपाळी संपवून येणारा दुचाकीवाला त्याच रस्त्यावर असतो. हेल्मेट बहुतेकांकडे असतं, पण ते हँडलला नाहीतर आरशाला अडकवलेलं. पोलीस दिसले की डोक्यावर, पुढं गेलं की पुन्हा आरशाला. त्यातही अनेकांचं हेल्मेट रस्त्याकडेच्या ढिगातून दीडशे-दोनशे रुपयांत उचललेलं असतं. दंड चुकवायला ते चालतं. डोकं वाचवायला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यात हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे ५० हजार २९ जण होते. त्यातले १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. एकूण मृत्यूंपैकी साधारण दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. म्हणजे हा विषय पुण्या-मुंबईचा कमी आणि आपल्या तालुक्याचा जास्त आहे.

"गावातल्या गावात कशाला?"

पारावर हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरी हा वेग तेवढाच. मग मळ्याच्या वाटेवर कुत्रं आडवं आलं, ठिबकच्या नळीवरून चाक घसरलं, डांबरीवर पडलेल्या उसाच्या वाड्यावरून गाडी सरकली, तरी डोक्याला बसायचा तो मार बसतोच. त्याला हायवे लागत नाही.

हेल्मेट वाचवतं कसं?

अंडं फरशीवर पडलं तर फुटतं. तेच भुश्शाच्या ढिगावर पडलं तर बऱ्याचदा वाचतं, कारण भुस्सा दबतो आणि अंडं हळूहळू थांबतं. हेल्मेटचं काम असंच चालतं. बाहेरचं कवच मार पसरवतं. आत थर्माकोलसारखा दाट, कडक थर असतो. तो स्वतः दबतो, चिरडतो आणि धक्का आपल्या अंगावर घेतो. खरं काम हा आतला थर करतो. स्वस्तातल्या हेल्मेटात नेमका तोच नसतो. पातळ प्लास्टिक आणि त्याला चिकटवलेला स्पंज, एवढाच माल असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नीट घातलेल्या हेल्मेटमुळे जीव जाण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. यात 'नीट घातलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच झटक्याला उडून जातं.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

१ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं कायद्याने बंद आहे. तरी रस्त्यावर ते मिळतं, आणि खुणेचं खोटं स्टिकरही मिळतं. म्हणून दुकानात उभं राहूनच या गोष्टी पाहा.

- आयएसआय खुणेच्या वर 'आयएस ४१५१' हा क्रमांक हवा. दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक हेच.
- खुणेच्या खाली 'सीएम/एल' या इंग्रजी अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक हवा. मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. नाव जुळलं नाही तर हेल्मेट परत ठेवा. तक्रारही याच ॲपवर करता येते.
- अस्तर थोडं बाजूला करून आत पाहा. कडक, जाड थर हवा. नुसता स्पंज असेल तर घेऊ नका.
- बांधकामावरचं पिवळं हेल्मेट गाडीवर चालत नाही. त्याचं मानक वेगळं आहे, आयएस २९२५. ते वरून पडणाऱ्या विटे-दगडासाठी असतं.
- टोपीसारखं अर्धं हेल्मेट टाळा. तोंडावर पडलो तर जबडा आणि हनुवटी उघडी राहते. पूर्ण तोंड झाकणारं सगळ्यात चांगलं.

खुणेचं, पूर्ण तोंडाचं साधं हेल्मेट साधारण हजार-दीड हजारात येतं. त्यापेक्षा महागात जास्त करून रंग, चित्रं आणि हवेची सोय वाढते. चार-पाच हजारांचंच घ्यायला हवं असं काही नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे नव्या दुचाकीसोबत मानकाचं हेल्मेट द्यायचं असतं. शोरूममध्ये मागून घ्या.

माप महत्त्वाचं

भावाचं हेल्मेट भाच्याला चालत नाही. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेटच्या आत माप लिहिलेलं असतं, ५८० म्हणजे ५८ सेंटिमीटर. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, नुसतं वरच्यावर फिरलं तर ते सैल आहे. पट्टा लावा, दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. मग मागून वर ढकलून पाहा. निघून आलं तर ते माप तुमचं नाही.

गांधी टोपी, फेटा किंवा जाड मफलर आत ठेवून वरून हेल्मेट घालू नका, ते नीट बसत नाही. घाम येतो म्हणून पातळ सुती कापड चालतं. महिलांनी अंबाडा सोडून वेणी घालूनच माप घ्यावं.

काच रंगीत घेऊ नका. दिवसा बरी वाटते, पण दिवेलागणीनंतर विनादिव्याची ट्रॉली तिच्यातून दिसत नाही. चरे पडलेली काचही समोरच्या लाईटने पांढरी होते. काच तेवढी वेगळी मिळते, ती बदला.

मागे बसलेल्या माणसाचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसलेल्यालाही. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. लेकराला हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

आपल्याकडे धन्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे मालकीण एका बाजूला बसलेली, मांडीवर लेकरू, आणि पदर वाऱ्यावर. पदर-ओढणी चाकात अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. मागच्या चाकाची जाळी म्हणजे साडीगार्ड आणि धरायची कडी हे दोन्ही नियमातच आहे. दिसायला बरं नाही म्हणून ते काढून टाकू नका. पदर खोचून, ओढणी बांधूनच बसा.

बाकी अंगाचं काय?

रायडिंग जॅकेट प्रत्येकाला परवडत नाही. पण पुढचं घरात असतंच.

- चपलेऐवजी बूट. पडल्यावर पाय रस्त्यावर घासतो, चप्पल तर आधीच निघून जाते.
- जाड जीन्स आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. खरचटणं कमी होतं.
- हातमोजे. पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकवतो.
- रात्री चमकणारं जाकीट. तेही स्वस्तात मिळतं, मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसता.

घेतल्यावर सांभाळा

पेट्रोलने आतला थर विरघळतो, म्हणून हेल्मेट पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. साबणाचं पाणी पुरे. औषध फवारणीच्या डब्यांशेजारी ठेवू नका. एकदा जोराचा मार बसला की वरून चांगलं दिसत असलं तरी बदला, कारण आतला थर एकदाच दबतो. याच कारणाने जुनं, कुणाचं वापरलेलं विकत घेऊ नका. मार नसला तरी साधारण पाच वर्षांनी नवं घ्यावं.

अपघात दिसला तर पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. १०८ ला फोन करा, श्वास चालू आहे का पाहा.

आज रात्री घरातलं हेल्मेट खाली काढा. खूण आहे का, क्रमांक ॲपवर जुळतो का, पट्ट्याची क्लिप बसते का, ते तपासा. यातलं एक जरी चुकलं तर येत्या बाजाराच्या दिवशी नवं घ्या. आणि घरात गाडीवर मागे बसणारं कुणी असेल तर दोन घ्या.