पावसाळ्यात बंद ठेवलेला लॅपटॉप का बिघडतो?

गेल्या पावसाळ्यात गावी जाताना मी लॅपटॉप बॅगेत घालून बोईसरच्या खोलीवर कपाटात ठेवला. महिन्याने आलो तर चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, चार्जिंगच्या जोडणीपाशी हिरवट थर. पाणी तर सांडलं नव्हतं!

पाणी हवेतून आलं. आपला पट्टा समुद्राकाठचा. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात, लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळतं. स्वयंपाकघरातल्या डब्यात पावसाळ्यात हेच दिसतं. मिठाचं हे पाणी वीज वाहतं, आणि ते बसतं तांब्याच्या बारीक रेषांवर. शिवाय तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू थोडा जरी असला तरी तांबं-चांदी काळी पडते.

आता नीट बघा. ३० अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा लॅपटॉपच्या आत ४० अंशांपर्यंत तापली, तर वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ४९ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे चालू लॅपटॉप स्वतःला कोरडा ठेवतो, बंद पडून असलेला नाही. म्हणून पावसाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास तरी चालू करा. महिनाभर लागणारच नसेल, तर बॅटरी निम्मी ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. तांदूळ तर नकोच, त्याची भुकटी आत जाते.

एसी लॅबमधून निघताना उलटी अडचण. वरच्याच हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या पुढे आहे. २३ अंशांचा लॅपटॉप बाहेर काढलात की दव धरणारच. लोकलमध्ये बॅग उघडू नका. घरी पोचल्यावरही अर्धा तास थांबा.

विश्वास बसत नसेल तर तांब्याची पट्टी पॉलिशपेपरने घासून टेबलाजवळ ३० दिवस टांगा, दर आठवड्याला त्याच उजेडात फोटो काढा. सर्व्हर रूममध्येही अशाच पट्ट्या लावतात, आयएसए ७१.०४ या मानकानुसार तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तर हवा सौम्य समजतात.

माझे आठ महिन्यांचे स्पेक्ट्रा वाचले, कारण त्यांची प्रत लॅबच्या हार्ड डिस्कवर होती. प्रयोगाच्या नोंदी मात्र फक्त लॅपटॉपवर होत्या. कोणता नमुना किती तास तापवला, हे आता वहीच्या मागच्या पानांवरून जुळवतोय.