बाप्तिस्म्यात नाव आहे, दाखल्यात नाही

संपादक महोदय,

माझी भाची आणि जावई दोघंही कुवेतला नोकरीला. तीन वर्षांचा नातू इथं काकतीत आजीजवळ. पावसाळ्यात भाचीचा फोन आला, "मामा, बाळाला न्यायचंय. जन्मदाखल्यावर तेवढे शिक्के मारून पाठवा."

ट्रंकेतून दाखला काढला, तर नावाचा रकाना कोरा! दवाखान्यातून नोंद गेली ती बिननावाची. नाव ठेवलं दोन महिन्यांनी, बाप्तिस्म्याला. चर्चच्या वहीत ते ठळक अक्षरात आहे. सरकारी वहीत घालायचं मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथं कळलं, नोंद राहत्या गावी नाही, जन्म झाला तिथं असते. बाळ बेळगावात जन्मलं, म्हणजे वही महानगरपालिकेची. १९६९ च्या कायद्याखाली वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही. पुढं १५ वर्षांपर्यंत उशिराची फी भरून घालता येतं. त्यासाठी आईबापाच्या सहीचा अर्ज कुवेतहून मागवावा लागला.

नावाचा नवा दाखला हाती आल्यावर शिक्क्यांचा प्रवास सुरू. आधी बेंगळूरला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. मंत्रालय कागद थेट आपल्याकडून घेत नाही. नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो. ओमान, इटली अशा देशांना मंत्रालयाचं 'अपोस्टिल' पुरतं. १९६१ च्या हेग कराराची ही सोय भारताला २००५ पासून आहे. कुवेत त्या करारात नाही, म्हणून शेवटी दिल्लीत त्यांच्या वकिलातीचाही शिक्का. आणि हे शिक्के सही खरी असल्याचं सांगतात. दाखल्यातली चूक दुरुस्त करत नाहीत. पासपोर्टातलं आणि दाखल्यातलं स्पेलिंग आधीच जुळवून घ्यावं.

या सगळ्यात नाताळ आला. बाळ गोठ्यापुढं आजीचा हात धरून उभं होतं आणि आई फोनच्या पडद्यावर. कोऱ्या रकान्याची किंमत मला तेव्हा कळली.

म्हणून माझी विनंती : बाप्तिस्मा झाला की त्याच आठवड्यात जन्मदाखला काढून बघा. नाव नसेल तर लगेच घाला. आमच्या फादरांनाही मी सांगितलंय, बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना एवढं विचारा. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही हे तितकंच लागू. बारसं काय, अकीका काय, नोंदीनंतर नाव ठेवलं तर रकाना कोराच राहतो.

आपला,
एक वाचक, काकती