टोकं बाहेर, वारा आत

मृग निघायच्या आधी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर परड्यात जळण रचायची घाई असते. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्यात पाच हजारांहून जास्त. एवढ्या पावसात जळण राखायचं म्हणजे ते झाकायचं, असं आपण धरून चालतो. खरं तर झाकण्याचं काम दुय्यम आहे. जळण वाळतं वाऱ्याने, आणि वारा आत शिरणार की नाही हे रचणाऱ्याच्या हातात असतं. ओलं लाकूड चुलीत सारलं की त्याच्या कापल्या टोकाशी फेस येतो, चरचर आवाज होतो. मुळांचं पाणी वर नेणाऱ्या नलिका लाकडात लांबीच्या दिशेने असतात. झाड तोडल्यावरही पाणी त्याच वाटेने सगळ्यात लवकर बाहेर पडतं, सालीतून फार सावकाश. म्हणून लाकूड आखूड तोडून फोडायचं आणि टोकं मोकळ्या हवेकडे ठेवायची. ताज्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. अशा एक किलो लाकडातलं अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे १.३ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि उरलेल्या कोरड्या भागातून मिळते जेमतेम नऊ. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे: आच थंडावते, लाकडातून सुटलेले ज्वलनशील वायू पेट घेत नाहीत आणि धूर होऊन निघून जातात. डोळ्यांत जाणारा धूर म्हणजे बराचसा न जळलेलं इंधनच.

कुणी म्हणेल, आषाढात हवाच ओली, मग रचून काय उपयोग? हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असली तरी छपराखालचं वाळलेलं लाकूड साधारण वीस टक्के ओलाव्यापाशी थांबतं, आणि तेवढ्यावर ते जळतं. बुरशीही सहसा त्याच्या वरच्या ओलाव्यात वाढते. चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं तर मात्र आतली वाफ कोंडते, बुरशी धरते आणि चुलीआधी तीच लाकूड खाते. खालचा थर मातीला टेकला तर ओल चढते, वाळवी लागते.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली, आता जळण कशाला, हाही रास्त प्रश्न आहे. परवडेल तिथे स्वयंपाक गॅसवरच व्हावा. कोरड्या लाकडाचा धूर कमी असतो, पण निरुपद्रवी नसतो. तरीही अंघोळीच्या पाण्याचा बंब अनेक घरांत लाकडावरच पेटतो, आणि ओलं जळण त्यात जास्तच धूर ओकतं.

तेव्हा पुढच्या वर्षाचं लाकूड दिवाळीनंतरच फोडा. खाली दगड किंवा विटा घाला, भिंतीपासून वीतभर जागा सोडा, थर आडवे-उभे सैल रचा. पत्रा फक्त माथ्यावर टाका, बाजू उघड्याच राहू द्या.