गिगाहर्ट्‌झची शर्यत कुठे अडली?

१९७१च्या इंटेल ४००४ चिपचे घड्याळ सेकंदाला साडेसात लाखांहून कमी ठोके देई. २००० साली एक गिगाहर्ट्‌झ, म्हणजे शंभर कोटी ठोक्यांचा टप्पा गाठला गेला. २००४मध्ये मात्र इंटेलने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ बाजारात येण्याआधीच रद्द केला. अडचण उष्णतेची होती: ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना आणि गळणारा विद्युतप्रवाह वाढला. आज सहा गिगाहर्ट्‌झचे प्रोसेसर मिळतात, हा आक्षेप खरा. पण तो वेग चिपमधल्या एखाद-दोन कोअरना, म्हणजे स्वतंत्र गणना करणाऱ्या भागांना, तोही थोडाच वेळ झेपतो. म्हणून खरी वाढ आता अनेक कोअर, ग्राफिक्स प्रोसेसर आणि ठरावीक कामासाठी घडवलेल्या चिप यांतूनच होईल. अर्थात, एकामागून एकच करावी लागणारी कामे कोअर वाढवून लवकर उरकत नाहीत, हे संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्येच मांडले होते.