करंडकाला बाळूंचे नाव का नको?

पांढरकवड्यात भीमजयंतीच्या निमित्ताने पोरं टेनिस बॉलचे सामने भरवतात. यंदाच्या करंडकाला पालवणकर बाळूंचे नाव द्या, असे आम्ही सुचवले. बैठकीत एक जुने कार्यकर्ते उसळले, "बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेल्या माणसाचं नाव? जमणार नाही!"

आक्षेप खोटा नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाळूंना बाबासाहेबांसमोर उभे केले. बाळू पडले. आम्हालाही ते सलते. पण तेवढ्यावर माणूस निकालात काढायचा काय?

चांभार समाजातला हा पोरगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखायचा. ग्रेगसाहेबाला तासन् तास सरावासाठी चेंडू टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हाती कधी दिली गेली नाही. त्याच डावखुऱ्या फिरकीची पुढे हिंदूंच्या संघाला गरज पडली. गोऱ्यांना हरवायचे होते ना! बाळूने टाकलेला चेंडू झेलताना सवर्णांचे हात विटाळत नव्हते. चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी संघाचे कर्णधारपद? ते नाहीच. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघातून बाहेर पडले. विठ्ठलला १९२३ मध्ये कर्णधारपद मिळाले, तेव्हा बाळूंचे दिवस सरले होते.

आमचा तालुका कोलाम-गोंडांचाही. म्हणून त्या बैठकीत आम्ही आणखी एक नाव घेतले, ऑस्ट्रेलियाचे आदिवासी फुटबॉलपटू डग निकोल्स. १९२७ मध्ये कार्लटन क्लबात त्यांच्या अंगाला वास येतो म्हणून हिणवले गेले, मालिश करणाऱ्याने हात लावायला नकार दिला. पुढे फिट्झरॉयकडून ते ५४ सामने खेळले, १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघात गेले. खेळ सुटल्यावर पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झगडले आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. २०१६ पासून तिथल्या लीगची एक फेरी त्यांच्या नावाने खेळली जाते. मातीचे भांडे इकडे, मालिशचे टेबल तिकडे, रोग एकच.

निकोल्सना त्यांच्या लीगने उशिरा का होईना, नाव दिले. बाळूंना मुंबईच्या जिमखान्यांनी काय दिले ते सोडा, आपण काय दिले? १९३७ चा पराभव तेवढा आपल्याला पाठ. इंग्लंडहून परतल्यावर त्यांचा सत्कार याच अस्पृश्य समाजाने केला होता, हे त्या कार्यकर्त्यांना सांगितले तेव्हा ते गप्प झाले.

पुढची बैठक रविवारी आहे. नाव आम्ही पुन्हा मांडणार आहोत.