शाळेला कुलूप कोणत्या दिवशी लागावे?

सहा डिसेंबर आणि एक जानेवारी जवळ आले की आपल्या वस्त्यांतून दोन मागण्या ऐकू येतात. महापरिनिर्वाण दिनी राज्यातील सर्व शाळा बंद ठेवा, ही एक. भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देता यावी म्हणून १ जानेवारीला सुट्टी जाहीर करा, ही दुसरी. मागणी करणाऱ्या तरुणांची तळमळ आम्ही जाणतो. त्यांचा सवाल सरळ आहे : इतरांच्या सणांना शाळा बंद राहते, मग आपल्या दिवसांना का नाही? सवाल रास्त आहे. पण आणखी एक सुट्टी हे त्याचे उत्तर आहे काय, याचा विचार आपल्या कुटुंबांनी, विशेषतः माता-भगिनींनी करावा, असे आम्हांला वाटते. शाळा बंद राहिली की नुकसान कोणाचे होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

आधी ही सुट्टी येते कोठून ते पाहू. शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध करते, ती १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. बी. कॉम. ला आम्हांला हा कायदा अभ्यासाला होता. हुंडी, चेक, वचनचिठ्ठी यांचा हा कायदा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी देणे ठरते, एवढ्यासाठी सुट्टी म्हणजे काय ते त्यात सांगावे लागले. इंग्रज अमदानीत व्यापारी आणि बँकांच्या व्यवहारासाठी झालेल्या कायद्याची यादी आज जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लावते! पोराला वर्षात किती दिवस शिकवावे, याच्याशी त्या कायद्याचा काडीचा संबंध नाही.

पोराच्या बाजूने बोलणारा कायदा वेगळा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरवून दिले. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे सर्व मिळून सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नकोत. कागदावर हिशेब जुळतो. प्रत्यक्षात शाळेत मतदान केंद्र असते, पावसाळ्यात पाणी शिरते, गुरुजींना नाना कामांना जुंपले जाते. अगोदरच कमी झालेल्या दिवसांतून आणखी दिवस वजा करताना आपला हात थरथरला पाहिजे.

ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, शिकवणीला बाई येतात, त्याचे एका सुट्टीने काही बिघडत नाही. बिघडते ते दहा बाय दहाच्या खोलीत. सणाच्या दिवशी धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बाईला सुट्टी नसते, उलट मालकिणीच्या घरी पाहुणे म्हणून दुप्पट भांडी असतात. नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला त्या दिवशी काम मिळाले तर मिळाले. मग शाळा बंद म्हणून घरी राहिलेल्या धाकट्यांना कोण सांभाळते? सहावीतली थोरली बहीण. आणि दुपारची खिचडी? शाळा बंद म्हणजे तीही बंद. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे २००४ साली दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही ते द्यावे, असे सांगितले. सुट्टीत पोट सुट्टी घेत नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला कळले. सुट्ट्यांची यादी करणाऱ्यांना ते कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

मग सगळ्या सणांना शाळा उघडीच ठेवायची काय? तसे आमचे म्हणणे नाही. कोकणात गणपतीत शाळा उघडून उपयोग काय? वर्गात मुले नाहीत, गुरुजी गावी गेलेले. तेथे दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीतले दिवस कमी करून गणपतीत घेण्याची सोय नियमांत आहे आणि ती शहाणपणाची आहे. शाळा बंद राहते ती कोणी येणार नाही म्हणून, देवाचा मान म्हणून नव्हे. हा भेद आपण नीट धरून ठेवला पाहिजे. हजेरीसाठी शाळा बंद ठेवणे ही व्यवस्था झाली. एखाद्या धर्माच्या गौरवासाठी बंद ठेवणे ही सरकारची भक्ती झाली, आणि भक्ती हे सरकारी खात्याचे काम नव्हे. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. तो पैसा सर्वांच्या करातून येतो. मीठ-मिरची घेताना आपणही तो भरतोच.

या कसोटीवर २२ जानेवारी २०२४ चा दिवस घासून पाहा. अयोध्येतील मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेनिमित्त महाराष्ट्र शासनाने त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. त्या सोमवारी यवतमाळच्या किंवा धारावीच्या शाळेत मुले येणार नव्हती, असे कोणी म्हणेल काय? कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आदल्या दिवशी, रविवारी खास सुनावणी होऊन त्यांची याचिका फेटाळली गेली. त्यापूर्वी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या एका याचिकेत याच न्यायालयाने सांगितले होते की, अमुक दिवशी सुट्टी मिळावी असा कायदेशीर हक्क कोणालाही नाही, तो शासनाच्या धोरणाचा भाग आहे. म्हणजे सुट्टी मिळाली तरी ती शासनाची मर्जी. मर्जीवर मिळालेले मर्जीने जाते. उत्तर प्रदेशात २०१७ साली तेथील मुख्यमंत्र्यांनी थोरांच्या जयंतीला शाळा बंद न ठेवता त्या दिवशी त्यांच्याविषयी कार्यक्रम घ्यावा असे जाहीर केले, आणि पाठोपाठ १५ सुट्ट्या रद्द झाल्या. हे जाहीर करायला मुहूर्त निवडला होता १४ एप्रिलचा! विचार वाईट नाही, पण सुरुवात बरोबर त्याच दिवशी होते, याचे आम्हांला नवल वाटत नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : दिवाळी-दसऱ्याला कुलूप कायम ठेवून फक्त १४ एप्रिलचे काढायला कोणी आले तर त्याला आमचा विरोध राहील.

आता आपल्या दिवसांकडे पाहा. बुद्ध पौर्णिमेची सुट्टी यादीत आहे, पण ती बहुतेक वर्षी मे महिन्यात येते, तेव्हा शाळा मुळातच बंद. त्यामुळे वर्गात तथागतांचे नावही त्या निमित्ताने निघत नाही. आषाढ पौर्णिमेला शाळा उघडी असते. तथागतांनी सारनाथला पहिले प्रवचन दिले तो हा दिवस, पण शाळेत तो केवळ गुरुपौर्णिमा म्हणून साजरा होतो. आणि ७ नोव्हेंबर? १९०० साली या तारखेला बालक भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ साली शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, ७ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन आले! ज्या दिवशी बाबासाहेब शाळेत गेले, त्या दिवशी शाळेलाच कुलूप. उघड्या शाळेत आपला दिवस साजरा होणे हे बंद शाळेपेक्षा किती मोलाचे, ते येथे कळते. १४ एप्रिलला आपल्याकडे ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यास करतात. सुट्टीचा एवढा चांगला उपयोग आम्हांला दुसरा माहीत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. हजेरीच्या कसोटीवर आपल्यासाठी सगळी शाळा क्वचितच बंद राहील, हे मान्य करू. पण चैत्यभूमीवर आईवडिलांबरोबर गेलेल्या पोराला गैरहजेरी का लागावी? त्याची चाचणी परीक्षा नेमकी ६ डिसेंबरला का असावी? केंद्र सरकारच्या नोकराला यादीतून आपल्या पसंतीच्या दोन ऐच्छिक सुट्ट्या घेता येतात. तीच सोय विद्यार्थ्याला द्या. बौद्धाला द्या, मुसलमानाला द्या, जैनाला, आदिवासीला, सर्वांना द्या. शाळा चालू राहील, खिचडी शिजेल, आणि ज्याला आपला दिवस पाळायचा तो ताठ मानेने पाळील.

हे मागायला मंत्रालयापर्यंत जाण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. आपल्या किती बाया त्या बैठकीला जातात? सही करून परत येतात त्या सोडून सांगा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचारा. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या यंदा कोणत्या दिवशी खर्च होणार? आणि ६ डिसेंबर, १ जानेवारीच्या आसपास परीक्षा ठेवल्या आहेत काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली तारीख घालायला लावा.